राजचं आडनाव काय? (१९५० च्या दशकातला हिंदी पडदा आणि आपला पांढरपेशा)

लकडीपूल

'श्री ४२०' (१९५५) मधला राज बी.ए. झालेला आहे, अलाहाबादहून मुंबईला पायी निघालाय, प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक गहाण टाकतो. इतकं सगळं कळतं, पण शेवटपर्यंत त्याचं आडनाव कळत नाही. 'आवारा'त (१९५१) बाप न्यायाधीश. एवढी मोठी खुर्ची, पण तो नुसता रघुनाथ. 'प्यासा'तल्या (१९५७) विजयला आई आहे, हाकलून देणारे सख्खे भाऊ आहेत, कॉलेजातली मैत्रीण आहे. आडनाव नाही. त्याच्या कविता छापून पैसा करणाऱ्या प्रकाशकाला मात्र आहे: घोष. 'अनाडी'त (१९५९) परत एक नुसता राज, आणि त्याची घरमालकीण मिसेस डिसा.

आता हे पुण्यात बसून बघा. इथे नवीन माणूस भेटला की दुसरं वाक्य 'म्हणजे कुठले तुम्ही?' आणि तिसरं 'ते नारायण पेठेतले तुमचे कोण?' आपल्याकडच्या पांढरपेशाची ओळखच मुळी आडनाव, गाव आणि नोकरी या क्रमाने होते. नोकरी हिंदी पडद्यावरही आहे, किंबहुना नोकरी नसणं हाच बऱ्याच कथांचा विषय आहे. पहिल्या दोन गोष्टी मात्र कात्री लावल्यासारख्या गायब आहेत.

माझा तर्क असा. फाळणी नुकतीच होऊन गेलेली. १९५३ मध्ये आंध्र वेगळा झाला, १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना. कोण कुठल्या भाषेचा, कुठल्या प्रांताचा, यावरून देशभर डोकी फुटत होती. आडनाव घेतलं की प्रांत आला, जात आली, भाषा आली. अख्ख्या देशाने आपला म्हणावा असा सुशिक्षित तरुण उभा करायचा तर त्याचं आडनाव काढून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या गाजलेल्या गाण्यात जोडा जपानी, पाटलोण इंग्लिश, टोपी रशियन. अंगावरच्या प्रत्येक वस्तूला पत्ता आहे. आतला माणूस तेवढा मोघम 'हिंदुस्तानी'.

आणि हे फक्त पंजाबी-उत्तर भारतीय निर्मात्यांनी केलं असंही नाही. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) घ्या. दिग्दर्शक शांताराम, कथा गदिमांची. मूळ प्रयोग औंध संस्थानातला, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा. (औंध म्हणजे साताऱ्याकडचं संस्थान, आयटीवाल्यांचं नव्हे.) गदिमा तर माडगूळचे, म्हणजे त्याच मातीतले. पडद्यावर काय उरलं? आदिनाथ नावाचा जेलर, सहा कैदी आणि एक माळरान. ना औंध, ना आटपाडी, ना माणदेश. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि बर्लिनला रौप्य अस्वलही.

तर प्रश्न असा की 'भारतीय' होण्यासाठी पडद्यावरच्या मध्यमवर्गीयाला नेमकं काय काय सोडावं लागलं? आणि पुण्यातल्या प्रेक्षकाला ते खटकलं का?

थर्ड_बेल

जागा धरून ठेवतोय. मालक, धागा हिट आहे.

खुन्या मुरलीधर

तर्क आकर्षक आहे, पण पाया कच्चा. बिनआडनावाचा नायक स्वातंत्र्यानंतर जन्मला नाही. 'किस्मत' (१९४३) मधला पाकीटमार शेखर, त्याला कुठे आडनाव होतं? आपल्या प्रभातचं बघा. 'कुंकू' (१९३७) मधली नीरा आणि काकासाहेब. 'माणूस' (१९३९) मधला गणपत हवालदार आणि मैना. सगळे मराठीच, तरी बिनआडनावी. पौराणिक नाटकांपासून चालत आलेली सवय आहे ती. रामाला कुणी आडनाव विचारत नाही. त्यात नेहरू, राज्यपुनर्रचना वगैरे घुसडायची गरज नाही.

लकडीपूल

@खुन्या मुरलीधर, गणपतला आडनाव नसलं तरी त्याची भाषा, त्याची बोलण्याची ढब यांवरून तो कुठला ते लगेच कळतं. मी म्हणतोय ते याबद्दल. आणि प्रभातचंच उदाहरण हवं तर 'शेजारी' (१९४१) घ्या. एकाच वेळी दोन भाषांत केला. मराठीतला जिवबा हिंदी 'पडोसी'त ठाकूर होतो. मिर्झा मात्र दोन्हीकडे मिर्झा. गाव तेच, धरण तेच, गोष्ट तीच. हिंदीत जाताना जिवबाचं मराठीपण उतरवून त्याच्या जागी उत्तरेकडचं एक ठोकळ माणूसपण बसवलं. ही प्रक्रिया १९४७ पूर्वी सुरू झाली हे कबूलच आहे, नंतर ती सक्तीची झाली एवढाच माझा मुद्दा.

कॅम्पातला

'पडोसी'त ठाकूर झाला होता मझहर खान आणि मिर्झा झाले होते गजानन जागीरदार. म्हणजे हिंदूच्या भूमिकेत मुसलमान नट आणि उलट. शांतारामबापूंनी हे मुद्दाम केलं होतं, १९४१ साली.

या यादीत 'हम एक हैं' (१९४६) घाला. तोही पुण्याचा, प्रभातचा. दुर्गा खोटे जमीनदारीण, वेगवेगळ्या धर्मांची अनाथ पोरं सांभाळते आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धर्मात वाढवते. देव आनंदचा पहिला चित्रपट, सोबत रहमान, आणि गुरुदत्त साहाय्यक. धोब्याकडे शर्टांची अदलाबदल होऊन देव आणि गुरुदत्तची मैत्री झाल्याचा किस्सा इथलाच. पुढे 'प्यासा'त तोच रहमान घोष प्रकाशक झाला. एकात्मतेचा पाठ गिरवायला सगळे पुण्यातच होते म्हणायचे!

थर्ड_बेल

आणि आता तिथे फिल्म इन्स्टिट्यूट. प्रभातच्याच जागेत, १९६० पासून. धोबी कोण होता याचा शोध कुणीतरी लावा रे.

ओंकारेश्वरी

लकडीपूल, तुम्ही सगळी चर्चा नायकावर चालवलीत. जरा बायकांकडे बघा, म्हणजे हा 'देश' कुणाच्या जिवावर उभा राहिला ते दिसेल.

'मि. अँड मिसेस ५५' (१९५५). अनिताला इस्टेट मिळायची तर ठरल्या मुदतीत लग्न करायला हवं. पुरुषांचा तिटकारा असलेली आत्या सीतादेवी एक बेकार व्यंगचित्रकार भाड्याने आणते: लग्न कर, पैसे घे, घटस्फोट दे. त्याला विचारलं जातं, कम्युनिस्ट आहेस का? तो म्हणतो, नाही, कार्टूनिस्ट. लोक अजून या वाक्यावर टाळ्या देतात. (पडद्यावर चित्र काढताना दिसणारा हात आर. के. लक्ष्मण यांचा.) पण चित्रपटाचा सगळा डाव हिंदू विवाह कायद्याविरुद्ध आहे, जो त्याच वर्षी झाला. बायकांच्या हक्कांबद्दल बोलणारी बाई श्रीमंत, आडमुठी आणि हास्यास्पद. घटस्फोट म्हणजे परदेशी खूळ. मग अनिताला नवऱ्याच्या वहिनीकडे नेतात. तिथे ती वहिनी (नटी कुमकुम) चूल, पोरं आणि अंगणात रमलेली. नवऱ्याने हात उगारला तर त्यात काय, प्रेमही तोच करतो ना, असं ती हसतहसत सांगते आणि अनिताचे डोळे उघडतात. ही तुमची अस्सल भारतीय स्त्री.

गंमत म्हणजे मुंबई इलाख्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ पासूनच होता. द्विभार्याप्रतिबंध त्याच्याही एक वर्ष आधी, १९४६ चा. म्हणजे तो चित्रपट जेव्हा पुण्यात लागला तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या बायकांना ज्या 'संकटा'ची भीती दाखवत होते, ते त्यांच्या शहराच्या न्यायालयात आठ वर्षं रीतसर चालू होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. मी वकिलीच करते. जुन्या निवाड्यांचे खंड चाळताना हे नेहमी जाणवतं, की पडद्यावर घटस्फोट लाखोंच्या इस्टेटीसाठी मागतात आणि प्रत्यक्षात बाई येते ती पोटगीच्या चाळीस-पन्नास रुपयांसाठी.

आणि ती आत्या कोण? ललिता पवार. 'श्री ४२०' त केळेवाली गंगामाई त्याच, 'अनाडी'तल्या मिसेस डिसाही त्याच, ज्यासाठी फिल्मफेअर मिळालं. तीन चित्रपट, पाच वर्षांच्या आतले. फुटपाथवरची मायाळू बाई, ख्रिस्ती मायाळू बाई, आणि कायद्याची भाषा बोलणारी खाष्ट बाई. येवल्याच्या एका मराठी नटीच्या चेहऱ्यावर हिंदी सिनेमाने ठरवून टाकलं की कुठल्या बाईला देशात जागा आहे. नायकाला आडनाव सोडावं लागलं म्हणता, बायकांना तर मत सोडावं लागलं.

मटकीउसळ

+१००. नर्गिस विद्या आणि नादिरा माया, नावांतच निकाल. विद्या गरीब पोरांना शिकवते, माया सिगारेट ओढते.

(विद्याचे वडील शास्त्री आहेत बरं का. हे आडनाव धरायचं की पदवी, ते लकडीपूल यांनी सांगावं.)

लकडीपूल

पदवी धरू, माझा सिद्धांत वाचतो.

नानापेठ

इथे सहसा वाचनमात्र असतो, आज लिहितो.

मूळ धाग्यात आडनाव गेल्याचं दुःख आहे. आमच्याकडे ते दुःख कधीच नव्हतं. माझे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. राज कपूरचे चित्रपट ते मिनर्व्हाला, ग्लोबला पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे. हिंदी चांगलं येत होतं अशातला भाग नाही. एकदा मी त्यांना विचारलं की मराठी चित्रपट का नाही आवडायचे? ते म्हणाले, त्यात सगळे एकमेकांचे पाहुणे असतात.

नीट विचार करा यावर. 'लाखाची गोष्ट' (१९५२) उत्तम चित्रपट आहे, राजा गोसावी, राजा परांजपे, गदिमा-फडक्यांची गाणी, सगळं मान्य. एक चित्रकार, एक कवी, खिशात दमडी नाही, आणि श्रीमंत बाप म्हणतो महिनाभरात लाख रुपये खर्च करून दाखव. पण ती गरिबी अशी आहे की उद्या लग्न ठरलं तर कुणी जात विचारणार नाही, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. आमची गरिबी तशी नव्हती. आम्हाला खोली भाड्याने मिळायची नाही. आडनाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असायची.

अशा माणसाला पडद्यावर एक तरुण दिसतो, जो शिकलाय, भुकेला आहे, आणि ज्याला कुणीही आडनाव विचारत नाही. त्याला मुंबईच्या फुटपाथवरचे लोक पथारी टाकायला जागा देतात. तुम्हाला त्यात काहीतरी कापलेलं दिसतं. माझ्या वडिलांना त्यात दार उघडं दिसलं.

खुन्या मुरलीधर

@नानापेठ, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा वजनदार आहे. पण तो बिनआडनावाचा राज दिसतो कसा, बोलतो कसा, देवळात गेला तर कुठपर्यंत जातो? आडनाव पुसलं तरी सवर्ण उत्तर भारतीय चेहरा तसाच ठेवला होता. जात पडद्यावर आणायची झाली तेव्हा 'सुजाता' (१९५९) आला, आणि तिथेही नायक ब्राह्मण, नायिका सोशिक, प्रश्न रक्तदानाने सुटतो.

नानापेठ

ते आम्हाला कळत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? कळूनही बघायचे. दुसरं होतं काय?

जुना भाडेकरी

आता घरावरून निघालंच आहे तर थोडं लिहितो. त्या दशकातला हिंदी पडदा घराने पछाडलेला आहे. 'श्री ४२०' मधला सगळा घोटाळा म्हणजे शंभर रुपयांत 'जनता घर'. 'फिर सुबह होगी'त (१९५८) साहिर सरळ इक्बालच्या तराण्याचं विडंबन करतो: राहायला घर नाही आणि म्हणे सारं जग आमचं. 'नौकरी'त (१९५४) किशोरकुमार छोट्याशा घराचं गाणं म्हणतो, आणि इकडे बहीण क्षयाने जाते, तिला सॅनेटोरियममध्ये ठेवायलाही पैसे वेळेवर उभे राहत नाहीत.

माझ्या मते 'जागते रहो' (१९५६) या सगळ्यांत तिखट. शंभू मित्र आणि अमित मैत्र यांचा. तहानलेला खेडूत पाण्यासाठी कलकत्त्याच्या एका चाळवजा इमारतीत शिरतो, लोक चोर चोर म्हणून मागे लागतात, आणि लपण्यासाठी तो ज्या ज्या खोलीत घुसतो तिथे सभ्य माणसं काहीतरी काळं करत असतात: कुणी नोटा छापतंय, कुणी बायकोचे दागिने चोरतंय, कुणी दारू गाळतंय. सरदारजी पंजाबीत नाचतात, बंगाली बाबू पहारा देतात, म्हणजे अख्खा देश एका जिन्यावर आणलाय. आणि हा देश एका माणसाला रात्रभर घोटभर पाणी देत नाही. त्या वर्षी दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती.

पुण्यात मात्र घराचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेचा होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने वाड्यांची भाडी गोठली. दोन खोल्या, सामायिक नळ, चौकात एकच संडास, पण भाडं वाढत नाही आणि मालक काढू शकत नाही. माझं सगळं बालपण अशाच वाड्यात गेलं. इथल्या पांढरपेशाला घराचं स्वप्न पडत नव्हतं, घर सुटेल याची भीतीही नव्हती. ती शाश्वती मोडली १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटल्यावर.

नोकरीचंही तसंच. १९५० साली पाषाण रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आधीपासूनचं मिलिटरी अकाउंट्स आणि शिमला ऑफिस (म्हणजे हवामान खातं). मॅट्रिक झालेला मुलगा कुठेतरी 'चिकटायचा'. तेव्हा आमच्या वाड्यात राष्ट्र म्हणजे प्रॉव्हिडंट फंड होता. राज कपूरची बेकारी बघून लोक हळहळायचे, पण ती मुंबईची, परक्याची बेकारी म्हणून. आपली गोष्ट बघायची तर 'ऊन पाऊस' (१९५४): निवृत्त शिक्षक, मुलांनी आई एकीकडे, बाप दुसरीकडे वाटून घेतलेला. राजा परांजपे आणि सुमती गुप्ते. त्यात देश नाही, पंचवार्षिक योजना नाही. पेन्शन आहे आणि सुना आहेत. आमची आजी तो बघून आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

कॅम्पातला

मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र दाखवणं तेव्हा सक्तीचं होतं. धरणं, कारखाने, नेहरू फीत कापताहेत. राष्ट्र आधी दहा मिनिटं दाखवायचे, मग राष्ट्राने काय दिलं नाही ते तीन तास.

मटकीउसळ

आणि रेडिओ? माहिती मंत्री बाळकृष्ण केसकर, म्हणजे मराठीच माणूस, त्यांनी आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं हद्दपार केली. लोक गेले रेडिओ सिलोनला. १९५५-५६ त पुणे केंद्रावर गीतरामायण, छप्पन्न गाणी, आणि ते करणारे गदिमा आणि फडके दोघेही चित्रपटवाले! त्याच रेडिओवर बुधवारी रात्री काटा फिरवून सिलोनची बिनाका गीतमाला. आमच्या घरी तर दोन्हींना तितकीच शांतता पाळली जायची म्हणे.

लकडीपूल

जुना भाडेकरी आणि मटकीउसळ, दोघांमुळे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतंय. प्रेक्षकाला खटकलं नाही, कारण तो एकाच आठवड्यात दोन वेगळ्या खात्यांत हिशेब ठेवत होता. 'देश' हिंदीत बघायचा, 'घर' मराठीत.

आणि ही खाती आपसात भांडत नव्हती असं नाही. अत्रे घ्या. 'श्यामची आई' (१९५३) ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक. कोकणातलं कर्जात बुडालेलं घर, साने गुरुजींचं लेखन, वनमालाबाई, छोटा माधव वझे. हिंदीत नाही, ठोकळ माणूस नाही, कोकणच्या बोलीची, नात्यांची सगळी लक्तरं तशीच ठेवून देशाने त्याला पहिलं म्हटलं. मग ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, नोव्हेंबरात अत्र्यांचा 'मराठा' निघाला, आणि पुढच्या वर्षी नेहरू प्रतापगडावर आले तेव्हा काळे झेंडे. दिल्लीला हेच अत्रे आता फुटीर वाटायला लागले. मला यात अत्रे बदललेले दिसत नाहीत. आडनावासकट भारतीय होता येतं, हे ते दोन्ही वेळा सांगत होते.

नानापेठ

अत्र्यांचाच 'महात्मा फुले' (१९५४) विसरलात. त्यालाही राष्ट्रपतींचं रौप्यपदक आहे. गाडगेबाबा स्वतः कीर्तन करताना त्यात दिसतात. गोष्ट अख्खी पुण्यातली: भिडेवाडा, गंज पेठ, दगडशेणाचा मारा, हौदाचं पाणी. आडनाव, गाव, पेठ, सगळं जागेवर आहे, काहीही कापलेलं नाही. तरी 'आपला मध्यमवर्गीय मराठी सिनेमा' म्हटलं की या धाग्यावर पन्नासेक ओळींत 'लाखाची गोष्ट' येते, 'ऊन पाऊस' येतो, याचं नाव येत नाही.

खुन्या मुरलीधर

तो मध्यमवर्गाचा चित्रपट नाही असं कुणी म्हणेल.

नानापेठ

दगड मारणारे कोण होते मग?

ओंकारेश्वरी

:-) यावर लकडीपूल यांनी नवा धागा काढावा. सावित्रीबाईंची भूमिका आणि कुमकुमची वहिनी शेजारी ठेवून मी त्यात लिहीन. दोघींमध्ये एकाच वर्षाचं अंतर आहे.